आजोबांचे कान

"आजोबा मुद्दामच ऐकत नाहींत," ही मुलांची तक्रार आम्हांस अन्यायाची वाटते. वाढत्या वयाबरोबर अंतःकर्णांतील सूक्ष्म केशपेशी मरतात, त्या पुन्हां उगवत नाहींत; आणि प्रथम लोपतात ते उंच स्वर. म्हणून मुलाचा भरदार आवाज कळतो, नातीचा बारीक कळत नाहीं! बजाजनगरांतील कित्येक आजोबांचें आयुष्य तर वाळूजच्या यंत्रांपाशीं गेलें. कायद्यानें आठ तासांस ९० डेसिबलची मर्यादा आहे. परंतु कानांत बोळे घालण्याचा कंटाळा कोणास नव्हता? ओरडल्यानें शब्द स्पष्ट होत नाहीं, कर्कश मात्र होतो. समोर बसून सावकाश बोलावें. राष्ट्रीय वयोश्री योजनेंतून २०१७ पासून गरीब वृद्धांस श्रवणयंत्र विनामूल्य मिळतें. चष्मा मिरविणाऱ्या घरांस त्याचीच लाज कां वाटावी?