रोपे किती वाटली ते पुरे, जगली किती ते सांगा



मृगाचा पाऊस पडला की खानदेशात दोन पेरण्या सुरू होतात. एक आपली, कपाशीची आणि ज्वारीची. दुसरी सरकारची, झाडांची. आपल्या पेरणीचा हिशेब दिवाळीला वावरात होतो आणि तो खोटा लिहिता येत नाही. सरकारच्या पेरणीचा हिशेब मात्र खड्डा बुजवला त्याच संध्याकाळी पुरा होतो. राज्यात २०१६ साली २ कोटी झाडे लावायचे ठरले, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी. पुढे २०२१ मध्ये याच लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली. लावलेली झाडे मोजायला वर्तमानपत्र पुरते, जगलेली मोजायला समिती लागते.

मीही बांधावर पंचवीस रोपे लावली होती. रोपे फुकट मिळाली, दिसायला कमरेएवढी, हिरवीगार. पुढच्या चैत्रात त्यातली तीन उरली. लोक म्हणाले, पाणी कमी पडले. मी एक मेलेले रोप उपटून पाहिले. त्याचे मुख्य मूळ पिशवीच्या बुडाशी सापासारखे वेटोळे घालून बसले होते. वर्षभर जमिनीत राहूनही ते खाली गेलेच नव्हते. दोष पावसाचा नव्हता, माझाही नव्हता. ते रोप माझ्या हाती आले तेव्हाच अर्धे मेलेले होते.

ही काही नवी विद्या नाही. प्लास्टिकच्या पिशवीत रोप जास्त दिवस राहिले की मूळ गोल फिरते आणि जमिनीत लावल्यावरही तसेच फिरत राहते, हे वनशास्त्राच्या पुस्तकात कधीचे लिहिलेले आहे. त्यावर उपायही निघाले. आतून उभ्या कडा असलेली आणि बुडाला भोक असलेली नळी वापरायची. तिला रूट ट्रेनर म्हणतात. मूळ कडेने सरळ खाली येते, भोकाशी हवा लागली की टोक सुकते आणि वरून नवी मुळे फुटतात. शिवाय वाटपाआधी काही आठवडे रोपाचे पाणी व सावली कमी करून त्याला उन्हाची सवय लावायची. सागाला तर पिशवीचीही गरज नाही. वर्षाचे रोप उपटून, पाला छाटून, नुसती जडी लावली तरी ती फुटते. विद्या आहे, पण ती आपल्या बांधापर्यंत येत नाही. बांधावर येते ते उंच रोप, कारण फोटोत उंची दिसते, मूळ दिसत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याचा आपला अंजन घ्या. खडकाळ, मुरमाड जमिनीत उभा राहणारा, दुष्काळात गुरांना पाला देणारा, लोखंडासारख्या लाकडाचा. पहिली काही वर्षे तो वर वीत-दोन वीतच दिसतो, उन्हाळ्यात शेंडा वाळतो आणि पावसात पुन्हा फुटतो. ताकद सगळी खाली चाललेली असते. एवढे लांब मूळ कोणत्या पिशवीत मावणार? म्हणून त्याचे बी जागेवरच टोकावे हे उत्तम. पण त्याला भरपूर बी दरवर्षी येत नाही, काही वर्षांनी एकदा येते. त्या वर्षी बी गोळा करून नीट साठवले तरच पुढे भागते. निंबाचे उलट. निंबोळीचे बी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते, ते साठवून उपयोग नाही. बाभळीच्या टणक बियांवर शेळीच्या पोटात जी प्रक्रिया होते, तीच रोपवाटिकेत गरम पाण्याने करतात. शेळ्या बसतात तिथले बी चांगले उगवते, हे आपल्या मेंढपाळाला कोणी शिकवले नव्हते.

आता विद्यापीठाकडे वळू. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले आणि खानदेश त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. धुळ्यात त्याचे कृषी महाविद्यालय आहे, राहुरीला वनशेतीचा संशोधन प्रकल्प आहे. ही मंडळी आपली आहेत आणि त्यांच्याकडे ज्ञान आहे. आपली तक्रार ज्ञानाबद्दल नाही, ज्ञान कुठे तपासले जाते याबद्दल आहे. कुंपण घातलेल्या, पाणी दिलेल्या प्रक्षेत्रावर झाड जगले तर त्यात नवल काय? शिंदखेड्याच्या, पारोळ्याच्या कोरडवाहू बांधावर, मोकाट गुरांच्या तोंडाशी, तीन उन्हाळे काढून किती जगली, तो आकडा आम्हाला हवा. झाडापासून किती हातांवरची दादर मारली जाते, मधे चर खोदून मुळे तोडली तर किती वाचते, उभट वाढणाऱ्या रामकाठी बाभळीखाली नुकसान किती कमी होते, हेही आमच्या वावरात मोजले पाहिजे. सावलीने पीक मारते म्हणून शेतकरी झाड लावत नाही हे खरे आहे. त्याला अडाणी म्हणून चालणार नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे. विद्यापीठाने त्या हिशेबाला उत्तर द्यावे.

सरकीची पिशवी घेतली तर तिच्यावर उगवणीची टक्केवारी असते, लॉट नंबर असतो, तपासणीची तारीख आणि मुदत असते. पीक एका हंगामाचे, तरी एवढी नोंद. झाड चाळीस वर्षांचे, पण रोपाच्या पिशवीवर काय असते? बी कोणत्या झाडाचे, कधी पेरले, पिशवी कधी बदलली, काहीच नाही. फळबाग योजनेत अनुदान हप्त्याहप्त्याने मिळते आणि पुढचा हप्ता झाडे किती जिवंत आहेत ते मोजून. जगण्याची जबाबदारी शेतकऱ्याची. वेटोळ्या मुळाचे रोप देणाऱ्याची जबाबदारी कुठे आहे?

आणि रोपच लागते असेही नाही. मेहरूणच्या बोरांसाठी नाव कमावलेल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. बांधावरच्या गावठी बोरीवर डोळा भरला की मूळ जुने, भक्कम, आणि फळ नवे. मूळ हलवायचे नाही, एवढेच त्यातले शहाणपण. जंगलाचेही तेच. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याच्या लोकांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, चैत्राम पवारांच्या पुढाकाराने, उघड्या डोंगरावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. स्वतः राखण केली, चर खोदले. जमिनीत जिवंत असलेल्या बुंध्यांना आणि मुळांना धुमारे फुटले आणि बरेचसे जंगल तिथूनच उठले. आज ते राखलेले जंगल साडेचारशे हेक्टरच्या आसपास आहे. पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. धुळे तालुक्यातल्या लामकानीनेही याच बंदीच्या जोरावर डोंगरावर गवत आणले.

आफ्रिकेतल्या नायजर देशात बाजरी-ज्वारीचे शेतकरी आपल्यापेक्षा कमी पावसात शेती करतात. तिथेही आधी रोपे लावली, ती मेली. १९८० च्या दशकात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्याच्या ध्यानात आले की वावरात कापलेल्या जुन्या झाडांची मुळे जिवंत आहेत आणि दर पावसाळ्यात फुटत आहेत. फुटव्यातले दोन-चार जोमदार ठेवायचे, बाकीचे काढायचे. असे करत सुमारे पन्नास लाख हेक्टरवर झाडे परत आली. पण त्यातली खरी गोष्ट वेगळीच आहे. तिथे वावरातले झाड सरकारचे मानले जाई, म्हणून शेतकरी ते वाढूच देत नसे. झाड तोडले तरी कोणी पकडणार नाही, ते आपले आहे, असा भरवसा वाटू लागला तेव्हा त्याने ते राखले.

आपल्याकडे तो भरवसा आहे का? महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ आहेत आणि ज्याचे वर कौतुक केले तो अंजनही आहे. स्वतःच्या बांधावर, स्वतः लावलेले झाड तोडायला परवानगी काढायची. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने विनापरवाना तोडीचा दंड एक हजारावरून पन्नास हजार करायचे ठरवले. म्हणजे बांधावर अंजन उगवला तर शहाणा शेतकरी काय करील? तो बोटाएवढा असतानाच विळ्याने कापील. सरकार कायदा करते झाड वाचवायला आणि मरते ते रोप. २०१७ साली केंद्राने भारतीय वन कायद्यातल्या ‘झाड’ या व्याख्येतून बांबू काढला. एका दुरुस्तीने बांबू मोकळा होऊ शकतो, तर शेतकऱ्याचा साग आणि अंजन का नाही?

कोणी म्हणेल, मोकळीक दिली तर शेतकरी सगळी झाडे तोडून विकतील. काही तोडतील, जरूर. कपाशीही आपण दरवर्षी उपटतो, म्हणून कपाशी नाहीशी झाली काय? जे विकता येते ते माणूस पुन्हा लावतो. १९८० च्या दशकात लोकांनी निलगिरी लावली ती पैशासाठीच, आणि देशात ठिकठिकाणी भाव कोसळला तेव्हा सोडली तीही त्याच हिशेबाने. शेतकऱ्याला झाड आवडत नाही असे नाही, त्याला तोटा आवडत नाही.

तेव्हा जिल्हा बैठकीत आपण चार मागण्या ठरावात घ्याव्यात.

एक, सरकारी वा खासगी, कोणतेही रोप लेबलाशिवाय दिले जाऊ नये. बी कुठले, पेरले कधी, मुळाची पद्धत कोणती, हे त्यावर असावे.

दोन, विद्यापीठाने आणि पाल, ममुराबाद व धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रांनी कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बांधावर प्रयोग घ्यावेत आणि तीन उन्हाळ्यांनंतर जगलेल्या झाडांचा आकडा, चांगला असो वा वाईट, मराठीत छापून गावोगाव पाठवावा.

तीन, आपोआप फुटलेले बुंधे आणि उगवलेले निंब, बाभूळ, हिवर राखणाऱ्या शेतकऱ्याला रोपे लावणाऱ्याइतकेच अनुदान मिळावे.

चार, शेतकऱ्याच्या मालकीच्या जमिनीतले झाड तोडायला व विकायला परवाना नसावा.

सरकार ऐकेपर्यंत आपण एक करू शकतो. यंदा फुकटचे रोप घेण्याआधी एक पिशवी तिथेच फाडून मूळ पाहा. वेटोळे दिसले तर रोपे परत करा आणि का परत करतो ते चार लोकांदेखत सांगा. सरकी आपण पारखून घेतो, बैल दात पाहून घेतो. नातवाच्या काळापर्यंत उभे राहायचे ते झाड तेवढे आंधळेपणाने का घ्यावे?