माजघरातले भूत

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघे भाऊ बायकामुलांसह कोकणातल्या जुन्या घरी जमलो होतो. सतरा माणसे, एक संडास आणि वडिलांच्या पश्चात रखडलेल्या वाटण्या! दिवसा आंबे, रात्री भांडणे. ओटीवर दोन-तीनपर्यंत आवाज चढलेले असत. त्यात माजघरात पणजी बाळंतपणात गेली, तिथे 'बाधा' आहे, हे पहिल्याच रात्री मुलांना कोणीतरी सांगून मोकळे झाले होते.

चौथ्या दिवशी पहाटे धाकट्या भावाची सोळा वर्षांची मुलगी रडत माजघरातून बाहेर आली. जाग आली, पण हात हलेना, शब्द फुटेना आणि छातीवर कोणी बसलेले! मी हसलो. पंचवीस वर्षे डॉक्टरकी करूनही हसलो. वहिनींनी मीठ-मिरच्या ओवाळल्या आणि दुपारपर्यंत भगताला बोलावण्याची भाषा सुरू झाली. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे 2013 पासून आपल्या राज्यात गुन्हा आहे, असे मी म्हणालो, तर दादा माझ्याशीच बोलेनासा झाला.

वाचकहो, स्वप्ने पडत असताना मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो. नाहीतर स्वप्नातली धावपळ आपण अंथरुणातच केली असती. कधी जाग आधी येते आणि ही पकड सुटायला उशीर होतो. डोळे उघडे, अंग निश्चल आणि अर्धे स्वप्न चालूच! छातीवर दडपण येते, खोलीत कोणी असल्याचा भास होतो. बहुधा काही सेकंद, फार तर दोन-चार मिनिटे. श्वास चालूच असतो, जिवाला धोका नसतो. जपानमध्ये याला 'कानाशिबारी' म्हणतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी बसते. अपुरी झोप, अवेळी झोप, मनावरचा ताण, उताणे झोपणे यांनी हा प्रकार वाढतो. वारंवार होत असेल किंवा दिवसा अनावर झोप येत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

माझे मत विचाराल तर औषधाची गरज त्या मुलीला नव्हतीच. आम्ही मोठ्यांनी दहा वाजता गप्प बसायला हवे होते.

"काका, तुम्ही हसलात," ती संध्याकाळी म्हणाली. मी चुकलो म्हणालो, सगळे समजावून सांगितले. रात्री तिची गादी पडवीत आमच्याशेजारी घातली, कुशीवर झोपायला सांगितले आणि ओटीवरचा दिवा मीच मालवला. सकाळी सातपर्यंत ती गाढ झोपली होती.

वाटण्या अजून झालेल्या नाहीत.