गोड सिनेमा, पण घर कुणाचं?

क्लोद बेरीचा 2007 चा 'आंसांब्ल, से तू' परवा पुन्हा पाहिला. पॅरिसमधला ऐसपैस जुना फ्लॅट, त्यात अडखळत बोलणारा खानदानी फिलिबेर आणि तिरसट आचारी फ्रांक. माळ्यावरच्या गारठलेल्या खोलीत आजारी पडलेल्या कामियला फिलिबेर खाली आणतो. पुढे फ्रांकची आजीही वृद्धाश्रमातून तिथंच येते.

मूळ कादंबरी 2004 ची. आदल्याच वर्षी ऑगस्टच्या उष्म्यात फ्रान्समध्ये सुमारे 15 हजार माणसं दगावली. बहुतेक म्हातारी, कित्येक एकटी राहणारी.

माया सगळ्यांकडे असते हो, जादा खोली नसते. आजीला ती मिळाली फिलिबेरच्या घराण्यामुळे. रात्री ऑफिसं झाडणाऱ्या पोरीच्या न् आचाऱ्याच्या पगारात तसं घर भाड्यानं परवडलं असतं का, हे आधी विचारा. मग खुशाल रडा. मीही रडलोच.