चुकलेला आकडा आणि दिलेला शब्द

जाहिरातीत किंमत किंवा बक्षीस चुकीचे छापले गेले, तर ते देण्यास कंपनी बांधील असावी काय? ‘दिलेला शब्द पाळलाच पाहिजे’ असे एक पक्ष म्हणतो; ‘चूक कोणाच्याही हातून होते’ असे दुसरा म्हणतो. माझ्या मते दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. खरा प्रश्न असा, की प्रामाणिक वाचकाला ती चूक ओळखता येण्याजोगी होती काय?

सिंगापूरमध्ये २००३ साली एका संकेतस्थळावर ३,८५४ डॉलर किमतीचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला दाखवला गेला. सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. ही चूक आहे हे त्यांना ठाऊक होते, या कारणास्तव न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. हा निर्णय मला न्याय्य वाटतो. चूक ओळखून तिचा लाभ उठवू पाहणाऱ्याला विश्वासघाताची तक्रार करता येत नाही. कारण त्याने मुळात विश्वास ठेवलेलाच नसतो. एखाद्या लहान दुकानदाराकडून किमतीतले एक शून्य गळले, तर त्यालाही याच न्यायाने संरक्षण मिळावे.

फिलिपिन्समधील घटना मात्र वेगळी आहे. १९९२ साली पेप्सीने तेथे बाटल्यांच्या झाकणांखाली क्रमांक छापून बक्षीस योजना चालवली. सर्वांत मोठे बक्षीस दहा लाख पेसोंचे होते. २५ मे रोजी ३४९ हा विजेता क्रमांक जाहीर झाला. पण तो लाखो झाकणांवर छापला गेला होता. हाती झाकण असलेल्या मजुराला ही चूक कशी कळावी? कंपनीने सद्भावना म्हणून प्रत्येकी पाचशे पेसो देऊ केले. लाखो लोकांनी ते घेतले, अनेकांनी नाकारले. पुढे दंगली झाल्या, माणसे दगावली. कंपनी बक्षीस देण्यास बांधील नाही, असा निर्वाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली दिला.

प्रत्येकाला दहा लाख देणे अशक्य होते, हे मान्य करावे लागेल. परंतु पूर्ण देणे अशक्य असले, म्हणजे देणे संपले असे होत नाही. सद्भावना म्हणून दिलेली रक्कम हे दान असते. भरपाई ही जबाबदारीची कबुली असते. लोकांना त्या कबुलीचीही गरज होती. ज्या आशेच्या बळावर बाटल्या खपल्या, ती आशा कंपनीनेच विकली होती. विक्रीचा नफा आपला आणि छपाईची चूक ग्राहकाची, ही वाटणी कोणत्याही न्यायात बसत नाही.

आपल्याकडील भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम २२ नुसार केवळ एका पक्षाची चूक झाली म्हणून करार रद्द करण्याजोगा ठरत नाही. मात्र जाहिरात ही सामान्यतः प्रस्ताव न मानता प्रस्तावाचे निमंत्रण मानली जाते. त्यामुळे करार झालाच नाही, असे म्हणण्यास कंपनीला वाव राहतो. कायद्याची ही पळवाट नैतिक सुटका मात्र देत नाही.

म्हणून माझे मत असे : उघड दिसणाऱ्या चुकीसाठी कंपनीला वेठीस धरू नये, परंतु जी चूक ग्राहकाला दिसूच शकत नव्हती, तिचा भार कंपनीनेच उचलावा. जमेल तेथे शब्द पाळावा. न जमेल तेथे चूक उघडपणे मान्य करून योग्य भरपाई द्यावी.