आधी ब्रेक, मग वेग



आपल्या मोठ्या गटातली काही मुले-मुली आता गाडी चालवू लागली आहेत. त्यांतल्या काहींना गाडी ट्रॅकवर पळवण्याचीही हौस आहे. वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये थोडा कान दिला की कळते. कोणाला नवा एक्झॉस्ट बसवायचा असतो, कोणाला इंजिनाची ताकद वाढवायची असते. घरी मात्र आईबाबांचे एकच म्हणणे, "हे खूळ आधी डोक्यातून काढ." माझे मत असे की दोघेही भलत्याच गोष्टीवर भांडत आहेत. भांडायचेच असेल तर ब्रेक पॅडवर भांडा. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीवरचा पहिला खर्च ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल यांवरच झाला पाहिजे. आणि तीच गाडी रोज रस्त्यावरही चालणार असेल, तर पॅडचे दोन संच हवेत.

ज्या पालकांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकेत हौशी लोकांना आपली स्वतःची गाडी खऱ्या रेस ट्रॅकवर चालवता येते. मोटार क्लब शिकवणीचे दिवस ठेवतात. नवशिक्याच्या शेजारी शिक्षक बसतो, आणि त्या दिवशी शर्यत नसते. हात बसला की पुढे हौशी शर्यतीही आहेत. १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका हे काम आजही करतो. जिथे अठरा वर्षांखालच्या मुलांना परवानगी मिळते, तिथे पालकांची सही लागते. तेव्हा हौस मुलांची असली तरी कागदावर सही आपली असते. सही करण्याआधी आपण काय विचारावे, ते सांगण्यासाठी हा लेख.

ब्रेक नेमके काय करतो? तो गाडीच्या गतीची उष्णता करतो. चाकाबरोबर एक लोखंडी डिस्क फिरते. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपर दोन पॅड त्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी आवळतो. घर्षण होते, डिस्क तापते आणि गाडी मंदावते. शाळेत शिकलेले एक सूत्र इथे आठवा: वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. समजा मियाटासारखी छोटी गाडी आहे, चालक धरून वजन ११०० किलो. ती ताशी १०० मैलांवरून ४० मैलांवर आणायची, तर सुमारे ९ लाख २० हजार ज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. एवढ्या उष्णतेत पावणेतीन लिटर गार पाणी उकळीला येईल. ट्रॅकवर हे काम तीन-साडेतीन सेकंदांत होते आणि त्यातला बहुतेक भार ब्रेकवर पडतो. पुन्हा पुढच्या वळणाला तेच. वीस मिनिटांत असे चाळीस-पन्नास वेळा.

पालकांना हा अनुभव अगदीच परका नाही. खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट उतरताना भरलेल्या ट्रकमागे आपली गाडी असली की एक जळका वास नाकात शिरायचा. तो तापलेल्या ब्रेकचा वास. म्हणून तर जाणता ड्रायव्हर घाट खालच्या गिअरमध्ये उतरतो आणि ब्रेकला विसावा देतो. ट्रॅकवर असा विसावा फार थोडा मिळतो.

ब्रेक जास्त तापला की दोन तऱ्हांनी दगा देतो, आणि या दोन तऱ्हा वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पहिल्या तऱ्हेत पॅड नांगी टाकतो. पॅडमधले पदार्थ राळेसारख्या चिकट द्रव्याने बांधलेले असतात. ते द्रव्य मर्यादेबाहेर तापले की जळू लागते, वायू सुटतो आणि पकड जाते. पेडल पायाला घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. दुसऱ्या तऱ्हेत ब्रेक ऑइल उकळते. त्यात बुडबुडे होतात, आणि पेडल मऊ पडून खोल जाते. पहिला दोष पॅडचा, दुसरा ऑइलचा. ऑइल उकळत असताना महागडे पॅड घातले तर पैसे वाया, आणि धोका होता तिथेच.

आता मुलांचा नेहमीचा प्रश्न: "काका, सगळ्यात भारी पॅड कुठला?" हा प्रश्नच बरोबर नाही. पॅड किती घट्ट पकडतो एवढे पाहून चालत नाही. तो कोणत्या तापमानाला पकडतो हे पाहावे लागते. आईला किंवा आजीला विचारा. तवा नीट तापल्याशिवाय भाकरी होत नाही, आणि फार तापला की ती करपते. पॅडचेही तसेच. रस्त्याचा पॅड थंड असतानाही लगेच पकडतो, आवाज कमी करतो, डिस्क फार झिजवत नाही. पण साधारण साडेतीनशे-चारशे अंश सेल्सियसच्या पुढे त्याचा भरवसा नाही. शर्यतीचा पॅड सहाशे अंशांतही टिकतो. पण बरेचसे शर्यतीचे पॅड नीट पकडण्याआधी चांगले तापावे लागतात. थंडपणी ते किंचाळतात, डिस्क खरवडतात, काळी धूळ उडवतात, आणि मुख्य म्हणजे कमी पकडतात.

पॅड कशाचा आहे याला किती महत्त्व असते, हे फार जुन्या काळी लोकांच्या ध्यानात आले. इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचे गृहस्थ होते. गाडीवाले उतारावर ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुने बूट बांधतात, हे त्यांनी पाहिले असे सांगतात. लाकडापेक्षा बूट जास्त धरतो, मग त्याहून चांगले काय धरेल, या विचारातून १८९७ साली त्यांचा उद्योग सुरू झाला. आडनावातली अक्षरे फिरवून त्याला फेरोडो हे नाव मिळाले. ब्रेक पॅडवर हे नाव आजही दिसते.

दुकानात गेल्यावर पॅडच्या मागे किंवा कडेला 'एफएफ', 'जीजी' अशी दोन रोमन अक्षरे छापलेली दिसतील. पहिले अक्षर साधारण तापमानाचे घर्षण दाखवते, दुसरे तापल्यावरचे. 'ई' पेक्षा 'एफ' जास्त, 'एफ' पेक्षा 'जी' जास्त. एफ म्हणजे घर्षणाचा आकडा ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. मुले ही अक्षरे पाहून पॅड निवडतात, पण यात एक मेख आहे. ही चाचणी पॅडच्या सुमारे एक इंच चौरस तुकड्यावर प्रयोगशाळेत होते, आणि तिथले तापमान सुमारे ३४० अंशांपर्यंतच जाते. ट्रॅकवरची डिस्क त्याच्या कितीतरी पुढे जाते. 'जीजी' म्हणजे ट्रॅकचे प्रमाणपत्र नव्हे. नुसत्या कंपनीच्या नावावरही जाऊ नका. एकच कंपनी रस्त्याचेही पॅड बनवते आणि शर्यतीचेही. कंपनीने त्या पॅडसाठी दिलेली तापमानाची पट्टी वाचा आणि आपली गाडी, आपले टायर व आपला ट्रॅक तिच्यात बसतात का ते पाहा.

कारण ट्रॅकही सारखे नसतात. कनेक्टिकटचा लाइम रॉक दीड मैलाचा आहे. तिथे करकचून ब्रेक दाबण्याची मोठी जागा एकच, सरळ रस्त्याच्या शेवटी असलेले बिग बेंड. बाकी फेरीत ब्रेकला निवायला वेळ मिळतो. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनचा लांब ट्रॅक ३.४ मैलांचा. तिथे वेग फार चढतो, आणि पहिल्या वळणाला व मागच्या सरळ रस्त्यानंतरच्या 'बस स्टॉप'ला मोठा वेग उतरवावा लागतो. एकीकडे पुरलेला पॅड दुसरीकडे पुरेलच असे नाही. आणि मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू मांडून होणाऱ्या ऑटोक्रॉसला तर शर्यतीचा पॅड नकोच. तिथली एक खेप मिनिटभराची असते, पॅड तापायच्या आत संपते. तिथे रस्त्याचाच चांगला पॅड जास्त उपयोगी.

आता मतभेदाचा मुद्दा. पुष्कळ जण म्हणतात, "दोन संच कशाला? मधला एक घ्या, रस्त्यालाही चालेल आणि ट्रॅकलाही." एका दगडात दोन पक्षी. त्यांचे म्हणणे मी सरसकट खोडत नाही. पहिल्या दोन-चार वेळा, साधे टायर, शेजारी शिक्षक आणि बेताचा वेग असताना, रस्त्याचा जरा वरच्या दर्जाचा पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल पुरते. पण मुलगी किंवा मुलगा शिकत जातो, वेग वाढतो, चिकट टायर येतात. तेव्हा मधल्या पॅडची मर्यादा संपते, आणि ती संपल्याचे नेमके वळणाच्या तोंडाशी कळते. उलट कोणी थेट शर्यतीचा पॅड घालून तोच वर्षभर ठेवतो. मग जानेवारीतल्या रविवारी सकाळी, धाकट्या बहिणीला मराठीच्या वर्गाला सोडायला निघाल्यावर, पहिल्याच स्टॉप साइनला ते पॅड बर्फासारखे गार असतात. आपण ट्रॅकच्या धोक्याची काळजी करतो आणि हा घराजवळचा धोका विसरतो. म्हणून माझे मत: रस्त्याचा संच रस्त्याला, ट्रॅकचा ट्रॅकला.

खर्चाचे काय? छोट्या गाडीच्या पुढच्या चाकांचे ट्रॅकचे पॅड साधारण दीडशे ते अडीचशे डॉलरला मिळतात. एक्झॉस्टला याच्या कितीतरी पट जातात, आणि त्याने गाडी थांबत नाही. आधी कळस मग पाया असा तो प्रकार. खेळाच्या जाणकारांनाही हे कळते. २००६ साली सुरू झालेल्या '२४ अवर्स ऑफ लेमन्स' या गमतीदार शर्यतीत गाडीची किंमत पाचशे डॉलरच्या आत ठेवण्याचा नियम आहे, पण ब्रेकचा खर्च त्यात धरत नाहीत. काटकसर करा, पण इथे नको, असाच त्याचा अर्थ. आणि ब्रेकमुळे माणूस मागे पडतो असे ज्यांना वाटते त्यांनी १९५३ सालची ल मान्सची शर्यत आठवावी. जॅग्वारच्या सी-टाइप गाड्यांना डिस्क ब्रेक होते. चालकांना वळणाच्या अधिक जवळ जाऊन ब्रेक दाबता आला, आणि जॅग्वार पहिली आली.

ब्रेक ऑइलबद्दल दोन शब्द. ते हवेतला ओलावा शोषते. 'डॉट ४' प्रतीचे ताजे ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. ओलावा शिरल्यावर हीच हमी १५५ अंशांवर येते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला ते बदलायचेच.

पॅड बदलायला आईने किंवा बाबांनी मुलांबरोबर ड्राइव्हवेमध्ये बसावे. सवय झाली की पुढची दोन चाके तासाभरात होतात. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावा. धूळ हवेच्या झोताने उडवू नका, तोंडाला मास्क बांधा. पुढचे आणि मागचे पॅड एकमेकांना जुळणारे घ्या. मागचे जास्त पकडू लागले तर ब्रेक दाबताच गाडी गरकन फिरते. नव्या पॅडचा पातळ थर डिस्कवर बसावा लागतो, त्यासाठी कंपनीने सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने ब्रेक दाबून ते तापवा आणि निवू द्या. दोन संचांचे थर एकमेकांशी पटत नसतील तर डिस्कही वेगळ्या ठेवा. चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळा. आणि सर्वांत महत्त्वाचे, गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबा. नाहीतर पहिल्या दाबाला ब्रेक लागणारच नाही.

ट्रॅकवरून येतानाही शिस्त हवी. शेवटची फेरी सावकाश मारा, ब्रेक निवू द्या. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक लावू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ओंडका लावा. निवल्यावर पॅडची जाडी पाहा. निम्म्याहून कमी उरला असेल तर पुढच्या वेळी नवा.

पालकहो, मुलांना "नाही" म्हणणे सोपे आहे. पण आपल्याला न सांगता, जुन्या पॅडवर, मित्राच्या गाडीने ती गेली तर ते जास्त महाग पडेल. त्यापेक्षा सही मागायला आलेल्या मुलाला चार प्रश्न विचारा. पॅड कोणत्या तापमानाचे? जाडी किती उरली? ऑइल कधी बदलले? रस्त्याचे पॅड परत कधी घालणार? चारही उत्तरे नीट मिळाली तर सही करा. मिळाली नाहीत तर त्या वेळी नको म्हणा, आणि उत्तरे शोधायला त्याच्याबरोबर बसा.

आणि बालमित्रांनो, तुम्हाला माझे मत पटले नसेल तर मराठीत चार ओळी लिहून बाईंकडे द्या. एकाच पॅडवर दोन्हीकडे चालवणाऱ्यांचे म्हणणे पुढच्या अंकात वाचायला मला आवडेल.

– मोठ्या गटातल्या एका विद्यार्थिनीचे बाबा