वीस दिवस उशीर झाला, काका

२०२३ च्या दिवाळीत पाडव्याला बायकोने मला ओवाळलं तेव्हा तबकात मी नोट टाकली नाही, कार्ड टाकलं. गडद लाल रंगाचं, सोनेरी कडांचं, मागे चंदेरी पट्टी. आमच्या घरापासून दोन किलोमीटरवरच्या एका नावाजलेल्या हॉटेलचं, तीन हजार रुपयांचं. एप्रिलअखेर मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हा शाखेतल्या अकरा जणांनी वर्गणी काढून ते दिलं होतं. शाल-श्रीफळ होतंच, पण 'साहेब, वहिनींना घेऊन जेवायला जा' हे मला जास्त आवडलं होतं. मुलगी बंगळुरूला असते. ती आली की तिघांनी जाऊ म्हणून कार्ड कपाटाच्या चोरकप्प्यात, एफडीच्या पावत्यांबरोबर ठेवून दिलं.

त्याच रात्री तिघं गेलो. जेवण झकास झालं. बिल आलं अठ्ठावीसशे चाळीस. मी रुपयाच्या नाण्याने पट्टी खरवडली, आतले सोळा आकडे मोठ्याने वाचले. वेटरने ते मोबाइलमध्ये घातले, पुन्हा घातले, आणि मग मॅनेजरला बोलावून आणलं. मॅनेजर पोरसवदा होता, बोलायला नम्र होता. कार्ड उलटं करून त्याने नखाने खालची एक ओळ दाखवली. ती वाचायला मला चष्म्यावर मुलीच्या मोबाइलचा टॉर्च लागला. मुदत २५ ऑक्टोबर.

"वीस दिवस उशीर झाला, काका."

मुलीने मुकाट्याने फोन काढून पैसे भरले. गाडीत फारसं कुणी बोललं नाही. जिना चढताना बायको म्हणाली, "माझी ओवाळणी राहिली हं."

आता, तारीख मी बघायला हवी होती हे मान्यच. सदतीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून लोकांना 'पावतीवरची तारीख बघत जा' सांगणाऱ्या माणसाने तर बघायलाच हवी होती. पण त्याच सदतीस वर्षांमुळे मला हा व्यवहार पचत नाही. एफडीची मुदत उलटली म्हणून ठेवीदाराचं मुद्दल बुडालं, असं मी एकदाही पाहिलेलं नाही. आमच्या शाखेत एक आजोबा पंधरा वर्षांपूर्वी मुदत संपलेली पावती घेऊन आले होते, घडीवर फाटलेली, पिठाच्या डब्यात सापडलेली. दोन दिवस जुनी रजिस्टरं उपसावी लागली, धुळीने मला सर्दी झाली, पण पैसे त्यांना मिळाले. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी बँकेला स्वतःकडे ठेवता येत नाहीत. २०१४ पासून त्या रिझर्व्ह बँकेच्या एका वेगळ्या निधीत जमा कराव्या लागतात, आणि तिथे गेल्यावरही ठेवीदार किंवा त्याचे वारस त्या मागू शकतात. त्या शोधता याव्यात म्हणून २०२३ मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टलही सुरू झालं.

नोटांचंच घ्या. नोटाबंदीला आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या, मी तर काउंटरच्या दोन्ही बाजूंनी घातल्या. पण त्यातही जुन्या नोटा खात्यात भरायला १० नोव्हेंबर ते ३० डिसेंबर इतकी सवड होती. दोन हजारांची नोट मे २०२३ मध्ये चलनातून काढून घेतली, तरी ती कागदाचा कपटा झाली नाही. माझ्या तीन हजारांचा कपटा मात्र एका रात्रीत झाला, तोही मला न कळवता.

कार्ड म्हणजे शेवटी काय? आगाऊ दिलेले पैसे. अकरा माणसांनी एप्रिलमध्ये हॉटेलच्या गल्ल्यात तीन हजार रुपये रोख टाकले. ते हॉटेलने सहा महिने बिनव्याजी वापरले. भाजी निवडली नाही, भात शिजवला नाही, टेबल पुसलं नाही. वीस दिवसांच्या उशिरापायी मुद्दलही घशात घातलं. दुसऱ्या कुठल्या धंद्यात याला आपण काय म्हणतो ते वाचकांना ठाऊक आहे. कार्डांच्या धंद्यात त्याला 'ब्रेकेज' म्हणतात. लोक वापरायचं विसरतात त्या रकमेचं हे नाव, आणि ते किती विसरतील याचे अंदाज बांधून ते हिशेबात उत्पन्न म्हणून धरलं जातं. स्टारबक्ससारखी कंपनी आपल्या वार्षिक अहवालात हा आकडा छापते, वर्षाला २० कोटी डॉलरच्या आसपास. तिच्या अमेरिकेतल्या कार्डांना मुदत नसते, तरी एवढा. आपल्याकडेही ३१ डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिपत्रकात न वापरलेल्या व्हाउचरचा वेगळा खुलासा आहे, की त्या रकमेवर जीएसटी लागत नाही. म्हणजे आपलं विसरणं सरकारदरबारी नोंदवलेलं आहे, करमुक्त आहे. फक्त विसरणाऱ्याला परत काय, ते कुणी लिहिलेलं नाही.

मला राहून राहून आठवते ती सदाशिव पेठेतली खानावळ. १९८३ साली मी बार्शीहून पुण्याला शिकायला आलो, कॉट बेसिसवर राहायचो आणि काकूंकडे जेवायचो. महिन्याचे पावणेदोनशे रुपये आगाऊ, दोन वेळचं जेवण, रविवारी रात्री बंद. दारामागे खिळ्याला वही टांगलेली असायची, तिला सुतळीने पेन्सिल बांधलेली. गावी जायचं असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळच्या आत त्या वहीत खाडा लिहायचा. सलग तीन दिवसांच्या आतला खाडा धरला जाणार नाही, अशी पाटी होती, आणि काकू पाटीला जागणाऱ्या होत्या. दोन दिवसांचा खाडा मागायला गेलेल्याला त्या नुसत्या बघायच्या, तो आपोआप परत यायचा. पण धरलेला खाडा पुढच्या महिन्यात वळता व्हायचा. ताट वाढलं नाही तर त्याचे पैसे आपले नाहीत, एवढा साधा हिशेब होता.

१९८४ मध्ये मला कावीळ झाली. मामा येऊन थेट बार्शीला घेऊन गेला, वहीत लिहायला कोण थांबतो. एकोणीस दिवसांनी परतलो तेव्हा नियमाप्रमाणे सगळंच बुडीत होतं. काकूंनी माझे डोळे खालची पापणी ओढून पाहिले, वही काढली, आणि म्हणाल्या, "तुझ्या नावाने तीन दिवस भात शिजवला मी, तो गेला वाया. बाकीचे निम्मे धरते." आजही तो निवाडा मला बिनतोड वाटतो. आपलं खरंच झालेलं नुकसान वजा केलं, थोडं नियमासाठी कापलं, उरलेलं ज्याचं त्याला. कुणा वकिलाने मसुदा करून दिला नव्हता.

काकूंची वही सोडून कायद्याकडे वळलं, तर मोठी गंमत आहे. रिझर्व्ह बँकेचे प्रीपेड साधनांबद्दलचे निर्देश २०२१ चे आहेत. त्यांत भेटकार्डांचाही विचार आहे: रक्कम दहा हजारांपर्यंतच, कार्डाची मुदत किमान एक वर्ष, मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत धारकाला एसएमएसने किंवा मेलने सावध करायचं. बँक नसलेल्या कंपनीने कार्ड काढलं असेल, तर मुदत संपल्यावरही तीन वर्षं उरलेली रक्कम नफ्यात ओढता येत नाही, आणि धारक मागायला आला तर त्याच्या बँक खात्यात परत करावी लागते. वाचून मी खुर्चीतून उठलोच होतो. पण पुढचं वाचून पुन्हा बसलो. जी संस्था फक्त स्वतःच्याच दुकानात चालणारं कार्ड स्वतः काढते, तिच्या कार्डाला हे काही लागू नाही. त्याला बंदिस्त साधन म्हणतात आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगीही लागत नाही. हॉटेलने स्वतः छापलेलं कार्ड नेमकं याच पळवाटेतून निसटतं. सहा महिने मुदत ठेवा, तीन ठेवा, विचारणारं कुणी नाही.

अमेरिकेत ऑगस्ट २०१० पासून भेटकार्डाच्या पैशांना पाच वर्षांच्या आत मुदत घालता येत नाही. ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०१९ पासून तीन वर्षं, आयर्लंडमध्ये त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून पाच. तिथली हॉटेलं त्यामुळे बुडाल्याचं ऐकिवात नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. त्यात ग्राहकाचं एकतर्फी नुकसान करणाऱ्या अन्याय्य करारांविरुद्ध दाद मागता येते. पण तीन हजारांसाठी आयोगाच्या पायऱ्या कोण चढणार? मी तरी चढलो नाही. नियमच व्हायला हवा: कार्ड कुणीही काढो, मुदत किमान तीन वर्षं, तारीख ठळक आणि पुढच्या बाजूला, आणि मुदत गेल्यावरही मागितल्यास रक्कम परत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मनात आणलं तर हे अवघड काम नाही.

तोवर मात्र आपलंही काही चुकतं, ते कबूल करायला हवं. आपण ठेवून देणारी माणसं आहोत. चांगले टॉवेल पाहुण्यांसाठी, काचेचा डिनर सेट शोकेसमध्ये, पैठणी वर्षातून एकदा ऊन दाखवायला. भारी वस्तू साध्या दिवशी वापरली तर आपल्याला उगाच चुकल्यासारखं वाटतं. हॉटेलचं कार्डही आपण त्याच फळीवर ठेवतो: वाढदिवसाला जाऊ, सगळे जमले की जाऊ. पैठणी दहा वर्षांनी काढली तरी पैठणीच असते. कार्ड मात्र मुदतीच्या आतही रोज थोडं थोडं झिजतं. त्या पाडव्याच्या रात्री मेनूकार्डावर थाळीच्या किमतीवर पांढरी चिकटपट्टी होती, खालचा जुना आकडा उजेडात धरला की दिसायचा. एप्रिलमध्ये गेलो असतो तर त्याच कार्डात एक थाळी जास्त बसली असती. आणि हॉटेल तरी कुठे अमरपट्टा घेऊन आलेलं असतं? २०२० मध्ये मार्चअखेर बंद झालेल्या हॉटेलांना महाराष्ट्रात ग्राहक बसवून जेवण द्यायची परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबरला. कितीतरी शटरं नंतर उघडलीच नाहीत. त्यांची कार्डं आजही कुणाच्या तरी पाकिटात असतील.

(शनिवार-रविवार चालत नाही, सणाला चालत नाही, दुसऱ्या ऑफरबरोबर चालत नाही, अमुक शाखेतच चालतं, हे छापील बारीक अक्षरांचं पुराण मी इथे लावत नाही. टॉर्च लावून एकदा वाचा, एवढंच.)

गेल्या वर्षी भाच्याने पुन्हा एक कार्ड दिलं, दुसऱ्या हॉटेलचं, दीड हजारांचं. आधी मी ते उलटं केलं. 'एकदाच वापरता येईल, शिल्लक परत मिळणार नाही.' आठवड्याच्या आत, एका साध्या बुधवारी, कुणाचा वाढदिवस नसताना आम्ही दोघं गेलो. बसण्याआधी काउंटरवर नंबर तपासून घेतला, तेव्हा तिथल्या मुलाने माझ्याकडे जरा विचित्रच पाहिलं. जेवून बिल झालं अकराशे ऐंशी. ३२० रुपये हॉटेलला दान करायची माझी तयारी नव्हती, बायकोची तर त्याहून नव्हती. तिने मेनूकार्ड परत मागवलं, चष्मा वर-खाली केला, आणि बासुंदीचे दोन डबे बांधून घेतले. एकूण झाले पंधराशे तीस. वरचे तीस मी रोख दिले.

लग्नाच्या, बारशाच्या, निवृत्तीच्या समारंभाला आता मी कार्ड देत नाही. पाकिटात नोटा घालतो, वर एक रुपयाचं नाणं चिकटवतो. जुनाट दिसतं, दिसू दे. आणि ज्यांच्या कपाटात आत्ता एखादं कार्ड पडलेलं आहे, त्यांनी या रविवारची वाट बघू नये. रविवारी ते चालत नसण्याचीच शक्यता जास्त.