निगा राखणं

घरातली जुनी वस्तू भंगारवाल्याच्या हातगाडीवर ठेवण्याआधी, किंवा तिला "नव्यासारखी" करून घेण्यासाठी कुणाला हजारो रुपये मोजण्याआधी, ती एकदा स्वतःच्या हाताने पुसावी असं माझं मत आहे. नीट, उजेडात बसून, फडकं आणि कुंचला घेऊन पुसावी. पुसून झाल्यावर मग ठरवावं की हिचं काय करायचं. हे मत मी सगळ्याच वस्तूंबद्दल मांडू शकले असते, पण गेले काही महिने एका जुन्या स्टीरिओ रिसीव्हरशी माझी गाठ पडली आहे, म्हणून त्याच्याच आधाराने लिहिते.

रिसीव्हर म्हणजे काय, हे आमच्या घरातल्या तरुण मंडळींना सांगावं लागलं. रेडिओचा ट्यूनर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत. मागे रेकॉर्ड प्लेअर, टेप आणि स्पीकर जोडायच्या जागा. पुढे चंदेरी पट्टी, जड गोल बटणं आणि दिवा लागला की उजळणारी काच. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात आयातीवर कडक बंधनं होती. त्यामुळे असा जपानी डबा बहुधा कुणी आखातातून येताना आणलेला असायचा, नाहीतर मुंबईच्या मनीष मार्केटमधून गुपचूप घेतलेला. देशी सेटही होतेच. आपल्या भागाचा तर या विषयाशी थेट संबंध आहे. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, आणि त्याच साली पिंपरीला फिलिप्सचा कारखाना सुरू झाला. तो २००६ साली बंद झाला. पण रेडिओ जुळवणारे, तपासणारे, सोल्डरिंग करणारे हात या गावातलेच होते. आज त्यातले बरेचजण माझ्याच वयाचे आहेत आणि सकाळी बागेत फिरायला येतात. रिसीव्हर उघडायचा म्हटल्यावर आपल्याला हॉलिवूडच्या सिनेमातला बॉम्ब उघडल्यासारखं वाटतं, पण ज्यांनी आयुष्यभर तेच काम केलं ते शेजारच्या बाकावर बसलेले असतात! त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच.

माझा एक जुना विद्यार्थी चाकणला एका मोठ्या कारखान्यात आहे. वडिलांचा रिसीव्हर तो वजनावर देऊन टाकायला निघाला होता. "बाई, खरखर करतो, आता काय उपयोग त्याचा?" मी त्याला विचारलं, "तुझ्या लाइनवरचं मशीन खरखर करायला लागलं तर काय करतोस?" तो म्हणाला, "आधी साफ करतो, बाई. साफ करताना कळतं." मग स्वतःच हसला.

इथेच माझा मुद्दा आहे. भोसरी, आकुर्डी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात सकाळच्या शिफ्टला लाखो माणसं जातात, आणि त्यातल्या बहुतेकांना "फाइव्ह एस" पाठ असतं. सेइरी, सेइतॉन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. त्यातलं तिसरं, सेइसो, म्हणजे स्वच्छता. कारखान्यांत त्याचा अर्थ असा शिकवतात की साफ करणं हीच तपासणी. मशीन पुसताना ढिला बोल्ट दिसतो, तेलाची गळती दिसते, तडा हाताला लागतो. जपानमध्ये निप्पॉन डेन्सो कंपनीने १९७१ च्या सुमारास यातून एक पूर्ण पद्धत उभी केली, तिला टीपीएम म्हणतात. तिचं मुख्य सूत्र असं, की मशीन चालवणाऱ्यानेच त्याची रोजची निगा राखायची. मेंटेनन्स खात्याची वाट बघत बसायचं नाही.

त्या पद्धतीतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे चिठ्ठ्या. साफ करताना जो दोष सापडेल तिथे चिठ्ठी लावायची. चालवणाऱ्याला स्वतःला जमण्यासारखा असेल तर पांढरी. मेंटेनन्सवाल्याला बोलवायलाच हवं असेल तर लाल. किती शहाणपणाची वाटणी आहे ही! आपली घरातली गडबड अशी होते की काही लोकांना सगळ्याच चिठ्ठ्या लाल दिसतात, ते कशालाच हात लावत नाहीत. आणि काहींना सगळ्याच पांढऱ्या दिसतात, ते स्क्रूड्रायव्हर घेऊन दिसेल ते फिरवत सुटतात. दोन्ही प्रकारांत वस्तू मरते.

मी भाषा शिकवली, विज्ञान नाही. म्हणजे या विद्येत मी पहिलीच्या वर्गातली. तेव्हा माझ्यासारख्या नवख्या माणसाने पांढऱ्या चिठ्ठीत काय काय धरावं ते सांगते.

सगळ्यात आधी पिन भिंतीतून काढायची. नुसतं बटण बंद करून चालत नाही. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या डबीसारख्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते, म्हणून रात्रभर थांबावं आणि नंतरही त्या बाजूला हात घालू नये. झाकण काढण्यापूर्वी आणि काढल्यावर फोटो काढावेत. स्क्रू वाटीत ठेवावेत, लांब-आखूड वेगवेगळ्या वाटीत. धूळ मऊ कुंचल्याने हलके हलके झटकावी. ओलं फडकं आत अजिबात नको. बाहेरची बटणं ओढून निघत असतील तर कोमट साबणाच्या पाण्यात धुवावीत आणि पूर्ण वाळवून मगच बसवावीत. समोरची पट्टी किंचित ओलसर फडक्याने पुसावी. मात्र डायलच्या काचेवरचे आकडे बऱ्याचदा आतल्या बाजूने छापलेले असतात. तिथे स्पिरिट किंवा काच पुसायचं औषध लावलं की आकडे फडक्यावर येतात, आणि ते आकडे पुन्हा कुठे मिळत नाहीत. तिथे कोरडा कुंचला पुरे.

मागच्या गोल जोडण्यांवर काळपट थर येतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने निघतो. आवाजाचं बटण फिरवताना होणारी खरखर हा सगळ्यात नेहमीचा आजार. बटणाच्या मागे कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचा एक काटा सरकतो. मध्ये मळ बसला की खरखर होते. त्यासाठी कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो "पोटेन्शिओमीटरसाठी" म्हणूनच मागावा. बटणाच्या डबीला फट असते, तिच्यात अगदी थोडा मारायचा, बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. घरात गंज काढायला असतो तो डब्ल्यूडी-४० इथे वापरू नये, आतलं मूळ ग्रीस धुऊन जातं. रॉकेल, शिवणयंत्राचं तेल, खोबरेल तेल हेही नको. हे सगळे उपाय मी लोकांकडून ऐकलेले आहेत म्हणून सांगते!

इथे पांढऱ्या चिठ्ठ्या संपतात. आता लाल. ट्यूनरमध्ये पंख्यासारख्या पातळ पात्या असतात, त्यांना स्प्रेही नको आणि बोटही नको. जवळच छोट्या चौकोनी डब्यांमध्ये रंगीत खाचा दिसतात, त्या ढिल्या स्क्रूसारख्या वाटतात. त्या स्टेशन जुळवण्याच्या खाचा आहेत, कारखान्यात यंत्र लावून बसवलेल्या. एकदा फिरवल्या की अंदाजाने परत जागेवर येत नाहीत. फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवावा. तार किंवा चॉकलेटची चांदी गुंडाळणं म्हणजे घराला आग लावण्याची तयारी. आणि नवा फ्यूजही लगेच गेला तर तो निरोप समजावा, तिसरा बसवू नये. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट भिंतीतल्या पिनेला लावू नये. जुने इलेक्ट्रिशियन त्यासाठी सिरीज बोर्ड वापरतात. त्यात पिवळा उजेड देणारा तारेचा बल्ब सेटबरोबर सिरीजमध्ये असतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्यावं. आणि आपले चांगले स्पीकर जोडण्याआधी स्पीकरच्या टोकांवर डीसी व्होल्टेज किती येतं ते त्याला मल्टिमीटरने मोजायला सांगावं. ते साधारण पन्नास मिलिव्होल्टच्या आत असावं. तो प्रश्न ऐकून मेकॅनिक तुमच्याकडे जरा आदराने बघतो हा वेगळा फायदा.

शिवाय सेट मूळ कुठला हे मागच्या पट्टीवर वाचावं. खास जपानसाठी बनवलेला सेट १०० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टवर लावला तर जळणार. त्याच्या एफएमची पट्टीही ७६ पासून साधारण ९० मेगाहर्ट्झपर्यंतच असते, म्हणजे आपली बहुतेक स्टेशनं त्यावर लागणारच नाहीत. निर्यातीसाठी बनलेल्या सेटवर ८८ ते १०८ असतं. तो आजही कामाचा. मोबाइल जोडायचा असेल तर "ऑक्स" किंवा "टेप" लिहिलेल्या जागी जोडावा. "फोनो" ही जागा फक्त रेकॉर्ड प्लेअरची.

आता आक्षेप. पहिला, की दोन-अडीच हजारात ब्लूटूथ स्पीकर मिळतो, हा खटाटोप कशाला? मिळतो, आणि ज्याला गाणं ऐकण्याशीच मतलब आहे त्याने तो जरूर घ्यावा. मी जुन्याचं गुणगान करत नाही. पण त्या स्पीकरची बॅटरी दमली की तो बहुधा उघडताच येत नाही, चिकटवून बंद केलेला असतो. रिसीव्हरला चार स्क्रू असतात. बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं की कधीतरी कुणीतरी हा उघडेल. त्या काळी अनेक सेटबरोबर सर्किटचा नकाशाही यायचा. हा विश्वास आपण गिऱ्हाइकांनी गमावला की कंपन्यांनी काढून घेतला, याचा विचार व्हायला हवा. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" चं पोर्टल सुरू केलं, १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. चांगलं आहे. पण हक्क कागदावर मिळून भागत नाही, झाकण उघडायची सवय असलेली माणसंही लागतात. मराठी वाचता येणं हा हक्क दिला आणि वर्गात पुस्तकच उघडलं नाही, तर मुलाला वाचता येईल का?

दुसरा आक्षेप घरच्या मंडळींचा, आणि तो जास्त खरा आहे. "अशाने तुम्ही घरात नुसती अडगळ साठवाल." याला माझं उत्तर असं, की पुसल्यामुळेच अडगळ कमी होते. न पुसता ठेवलेली वस्तू माळ्यावर वीस वर्षं राहते, कारण तिच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसतं. पुसली की कळतं. ट्रान्सफॉर्मर जळलेला असेल, पट्टी गंजून गेली असेल, मूळ ट्रान्झिस्टर मिळत नसतील आणि बाजारात नकली मिळत असतील, तर हात जोडून निरोप द्यावा. पण तोही हातगाडीवर नको. नोंदणी असलेल्या ई-कचरा केंद्राकडे द्यावा, किंवा तापकीर गल्लीतल्या नाहीतर जुन्या बाजारातल्या एखाद्या मेकॅनिककडे, म्हणजे त्याची बटणं आणि काच दुसऱ्या सेटला लागतील.

जो ठेवायचा त्याला मात्र ठेवल्यासारखं ठेवावं. वर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर गणपती, ही आमच्या पिढीची हौस. पण त्या झाकणाच्या फटी उष्णता बाहेर जाण्यासाठी असतात, रुमाल काढा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी तास-दोन तास वाजवावा, सगळी बटणं फिरवावीत. न वापरलेली वस्तू वापरलेलीपेक्षा लवकर बिघडते.

आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा करतात. कारखान्यांत दसऱ्याला मशीनला हार घालतात. हार घालण्याआधी ते मशीन घासूनपुसून लख्ख करतात, आणि मला वाटतं खरी पूजा तीच असते, हार हा नंतरचा समारंभ. मराठीत आपण "निगा राखणं" म्हणतो. हा निगा शब्द फारसीतून आला, तिकडे त्याचा अर्थ नजर. एखाद्या गोष्टीची निगा राखायची म्हणजे तिच्यावर नजर ठेवायची. चाकणच्या शॉप फ्लोअरवर जपानी शब्दात जे शिकवतात, ते आपल्या बोलीत आधीपासून होतंच की.

असो. रविवारी सकाळी एक तास काढा, जुन्या वाट्या घ्या, मऊ कुंचला घ्या, आणि नातवंडांना शेजारी बसवा. पांढरी चिठ्ठी कोणती आणि लाल कोणती, हे त्यांनाच ठरवू द्या.